चाकण पट्ट्यात नवीन आलात? मुलाला हायस्कूलमध्ये घालताना हे बघा

पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात चाकण, म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, वासुली, तिकडे शिरूर तालुक्यात सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव. कंपन्यांमुळे ही सगळी गावं आता धड गाव नाहीत आणि धड शहरही नाहीत. चाकणला २०१५ साली नगरपरिषद झाली, पण कांद्याचा बाजार आणि शेतीही चालूच आहे. इथे दर वर्षी नांदेड, लातूर, बीड, परभणी, यवतमाळ, बुलढाणा अशा जिल्ह्यांतून कुटुंबं येतात. आम्ही अहमदपूर तालुक्यातून आलो. खोली मिळते, कामही मिळतं, पण मोठ्या मुलाच्या शाळेवर येऊन घोडं अडतं. पहिली-दुसरीच्या मुलाला शाळेत घालणं सोपं असतं. आठवी-नववीच्या मुलाचं तसं नाही, आणि नेमक्या याच वयात वर्ष वाया गेलं तर मूल शाळेतून कायमचं सुटायची भीती असते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. यातलं निम्मं काम गाव सोडायच्या आधी करायचं आहे, तेव्हा टेम्पो भरण्याआधी वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

१. इथे 'सरकारी हायस्कूल' शोधत बसू नका

मराठवाडा-विदर्भात जिल्हा परिषदेचं हायस्कूल म्हटलं की सगळ्यांना कळतं. तिकडे जिल्हा परिषदेच्या दहावीपर्यंतच्या शाळा बऱ्याच आहेत. पश्चिम महाराष्ट्रात चित्र वेगळं आहे. इथे जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक ठिकाणी सातवी-आठवीला संपते आणि पुढचं हायस्कूल एखाद्या शिक्षण संस्थेचं असतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि खेड्यापाड्यांत हायस्कुलं पोचली. त्यांच्यामागून तालुक्या-तालुक्यांत अशा संस्था उभ्या राहिल्या. शाळेच्या पाटीवर संस्थेचं नाव दिसलं की आपल्या गावाकडची माणसं 'ही खाजगी, आपल्याला परवडायची नाही' म्हणून गेटावरूनच मागे फिरतात. तसं करू नका. शाळा अनुदानित असेल तर शिक्षकांचा पगार शासन देतं आणि दहावीपर्यंत शिकवणी शुल्क लागत नाही. या भागातली सर्वांची शाळा म्हणजे हीच.

इथे एक सापळा मात्र आहे. एकाच आवारात, एकाच गणवेशात, एकाच संस्थेच्या नावाखाली काही तुकड्या अनुदानित आणि काही विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे फीवर चालणाऱ्या, असतात. फरक फीमध्ये पडतो आणि पुढे शिष्यवृत्तीतही पडतो. म्हणून प्रवेशाच्या वेळी स्पष्ट विचारा: "माझ्या मुलाला ज्या तुकडीत घेताय ती अनुदानित आहे का?" यात ओशाळण्यासारखं काही नाही.

२. गाव सोडण्याआधी: दाखला

शाळा सोडल्याचा दाखला हा कागद मुलाच्या जन्मभर मागे येतो. दहावीचा फॉर्म, जातीचा दाखला, जात पडताळणी, पासपोर्ट, नोकरी, सगळीकडे तो लागतो. नवीन शाळा आपल्या जनरल रजिस्टरमध्ये त्याच्यावरूनच नोंद करते. जुन्या शाळेने लिहिलेली चूक तशीच इथे उतरते आणि पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर छापली जाते.

म्हणून दाखला हातात पडला की घडी घालून पिशवीत टाकू नका. तिथेच कार्यालयाच्या बाकावर बसून ओळ न् ओळ वाचा. जनरल रजिस्टर नंबर, मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, आधार क्रमांक, मातृभाषा, धर्म, जात आणि पोटजात, जन्मस्थळ (गाव, तालुका, जिल्हा), जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कुठल्या इयत्तेत केव्हापासून शिकत होता, आणि शेवटी मुख्याध्यापकांची सही-शिक्का. जातीच्या रकान्यात नुसता 'हिंदू' असा शब्द पडलेला असतो किंवा पोटजात सुटलेली असते, तिथे विशेष लक्ष द्या. जन्मतारीख जन्मदाखल्याशी जुळते का तेही पाहा.

चूक सापडली तर पेनाने खाडाखोड करू नका, कुणाला करूही देऊ नका. दाखल्यावरच छापलेलं असतं की दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याशिवाय कुणी नोंद बदलायची नाही. मूल शाळेच्या पटावर असताना दुरुस्तीचा मार्ग खुला असतो: पुराव्यासह मुख्याध्यापकांकडे अर्ज, आणि नाव, जात, जन्मतारीख अशा नोंदींसाठी शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता. शाळा सुटल्यावर, आणि विशेषतः दहावीचं प्रमाणपत्र हातात आल्यावर, हेच काम फार जिकिरीचं होतं. शक्य असेल तर दुरुस्ती आधी करा आणि दाखला नंतर काढा.

मूळ दाखला नवीन शाळेत जमा होतो आणि परत मिळत नाही. त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा, मोबाइलवर नीट फोटोही घ्या. हरवला तर दुय्यम प्रतीसाठी प्रतिज्ञापत्र करा आणि पुन्हा गावाला जा, असा खटाटोप होतो.

आता तारखांचं. निकाल साधारण १ मेच्या सुमाराला लागतो आणि पुणे जिल्ह्यात शाळा जूनच्या मध्यावर उघडते. विदर्भातून येणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं, कारण तिकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाकडे उघडते. तिकडच्या हिशेबाने आलात तर इथे वर्ग भरून गेलेले असतात. मे महिन्यात शिक्षकांना सुट्टी असली तरी कार्यालय बरेच दिवस उघडं असतं, पण लिपिक रजेवर गेले की काम अडतं. निकालाच्या आठवड्यातच अर्ज देऊन टाका.

३. गाव सोडण्याआधी: जातीचा दाखला

मागासवर्गीय कुटुंबांनी हे आवर्जून वाचा. जातीचा दाखला तुम्ही आज जिथे राहता तिथून मिळत नाही. ठरावीक दिनांकाला तुमचं घराणं जिथे राहत होतं, तिथल्या प्रांत कार्यालयातून तो निघतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे तुमचं घर अहमदपूर तालुक्यातलं असेल तर खेड तहसीलमध्ये चकरा मारून उपयोग नाही.

त्यासाठी वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या जुन्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल, लागतो. तो गावच्या जुन्या शाळेतच मिळतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत्यांचा, आत्याचा असा रक्ताच्या नात्यातला उतारा आणि वंशावळ लागते. हे सगळं दिवाळीच्या सुट्टीतल्या दोन दिवसांत होत नाही. निघण्याआधी अर्ज टाकून ठेवा, सेतू केंद्राची पावती जपा आणि मागे राहिलेल्या भावाला किंवा काकांना पाठपुरावा करायला सांगा.

४. सोबत ठेवायची कागदपत्रं

एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये हे सगळं एकत्र ठेवा, मूळ प्रत वेगळी आणि झेरॉक्स वेगळी:

- शाळा सोडल्याचा मूळ दाखला (दुसऱ्या राज्यातून येत असाल तर तिथल्या शिक्षण अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी घेतलेला)
- मागच्या इयत्तेचं प्रगतिपुस्तक किंवा गुणपत्रक
- जन्मदाखला
- मुलाचं आणि आईवडिलांचं आधारकार्ड
- रेशनकार्ड, गावाकडचं असलं तरी चालेल
- इथल्या राहण्याचा पुरावा: भाडेकरार, वीजबिल किंवा घरमालकाचं पत्र
- जातीचा दाखला असेल तर. नसेल तर वडिलांचा दाखला किंवा उतारा
- उत्पन्नाचा दाखला (शिष्यवृत्तीसाठी, प्रवेशासाठी नव्हे)
- मुलाच्या नावाचं बँक पासबुक, आधारशी जोडलेलं
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- यूडायसवरचा (शाळा आणि मुलांच्या नोंदींचं सरकारी पोर्टल) मुलाचा कायम शिक्षण क्रमांक, म्हणजे पेन नंबर. अकरा आकडी असतो, जुन्या शाळेत विचारून लिहून घ्या. अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक) काढलेला असेल तर तोही.

भाडेकरार नसेल म्हणून थांबू नका. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीचा करार कुणीच करून देत नाही, हे इथल्या शाळांनाही ठाऊक आहे. कंपनीचं ओळखपत्र आणि घरमालकाचं साधं पत्र घेऊन जा.

५. शाळा निवडताना रस्ता बघा

पालक विचारतात, कुठल्या शाळेचा निकाल चांगला? मी आधी विचारते, मुलाला कुठला रस्ता ओलांडावा लागणार? पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता, दोन्हींवर दिवसरात्र कंटेनर आणि ट्रेलर चालतात. तळेगाव चौकात संध्याकाळी काय होतं हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. शाळेची वेळ आणि कंपनीची पाळी सुटायची वेळ एकच असेल तर मुलं त्या गर्दीतून सायकली काढतात. नाव थोडं कमी असलं तरी रस्त्याच्या अलीकडची शाळा मी पसंत करीन. शक्य असेल तर खोलीच शाळेच्या बाजूला घ्या. भाडं थोडं जास्त गेलं तरी चालेल.

लांबची शाळा घ्यावीच लागली तर एसटीच्या पासची चौकशी करा. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना घर ते शाळा एसटीचा प्रवास मोफत आहे, पाचवी ते बारावीपर्यंत. मुलांना भाड्याच्या एक तृतीयांश पैशांत मासिक पास मिळतो. पाससाठी शाळेचं बोनाफाईड लागतं. अलीकडे एसटी हे पास शाळेतच आणून देते, त्यासाठी शाळेकडे यादीत नाव द्यावं लागतं. आणखी एक: या भागात एसटी आणि पीएमपी (पुण्याची शहर बस) दोन्ही धावतात. एसटीचा पास पीएमपीच्या बसमध्ये चालत नाही. आधी चार दिवस थांब्यावर उभं राहून सकाळी कोणती बस वेळेवर येते ते बघा आणि मगच पास काढा.

६. मराठी की सेमी

बहुतेक हायस्कुलांत मराठी माध्यमाच्या तुकड्या असतात आणि एक-दोन सेमी इंग्रजीच्या. सेमीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. सगळ्यांना सेमीच हवं असतं, त्यामुळे ती तुकडी आधी भरते.

माझं स्पष्ट मत आहे. मूल सातवीपर्यंत पूर्ण मराठीतून शिकलं असेल आणि तुम्ही आठवीत प्रवेश घेत असाल, तर सेमी जमू शकतं, पहिले सहा महिने घरी लक्ष द्यावं लागेल. नववीत येत असाल तर माध्यम बदलू नका. नवीन गाव, नवीन मित्र, भाषेची वेगळी ढब, वरून गणित इंग्रजीत, हे सगळं एकदम मुलाच्या अंगावर येतं. मराठीतून दहावी केलेली मुलं अकरावी विज्ञानाला जातात आणि टिकतात. शेजारपाजारचे काय म्हणतात त्यावर हा निर्णय घेऊ नका.

७. शाळेत गेल्यावर

सकाळी शाळा भरताना गर्दी असते. मधल्या सुट्टीनंतर जा. आधी लिपिकांना भेटा, मग मुख्याध्यापकांना. मुलाला बरोबर न्या आणि मागच्या वर्षीच्या वह्याही न्या. वह्या बघून मुख्याध्यापकांचं मत बदलतं असा माझा अनुभव आहे.

"जागा नाही" हे उत्तर बऱ्याचदा मिळेल. ते दर वेळी खोटं नसतं. इथल्या हायस्कुलांत एकेका वर्गात साठ-सत्तर मुलं बसतात, वर्गखोल्या जुन्याच आहेत आणि लोकवस्ती वाढतेच आहे. तरीही नियम जाणून ठेवा. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला, म्हणजे आठवीपर्यंत, वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा असतो. वयाचा पुरावा नाही किंवा दाखला यायला उशीर होतो आहे, या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो. आणि जुन्या शाळेनेही दाखला अडवून ठेवायचा नसतो. नववी-दहावी या कायद्यात येत नाही, पण दाखल्याअभावी तिथेही मुलाला अडवू नये असं शिक्षण विभागाने जून २०२१ मध्ये शाळांना कळवलेलं आहे.

नियम माहीत असले तरी पहिल्याच भेटीत कायदा काढू नका. लेखी अर्ज द्या, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या आणि "सर, तुकडी वाढली किंवा कुणी नाव काढलं तर कळवा" असं म्हणून मोबाइल नंबर देऊन या. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जा. जूनमध्ये नावं येतात तशी जातातही. तरी दाद लागली नाही तर आठवीपर्यंतच्या मुलासाठी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. खेड तालुक्याचं कार्यालय राजगुरुनगरला, शिरूरचं शिरूरला. नववी-दहावीसाठी पुण्याला जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी, माध्यमिक. तिथे जाताना पोच घेतलेली अर्जाची प्रत हवी, नाहीतर "शाळेत अर्ज कुठे केलात?" यावरच बोलणं थांबतं.

८. पैसे मागितले तर

अनुदानित तुकडीत थोडी सत्र फी, परीक्षेचा खर्च, ओळखपत्र असं किरकोळ लागतं. ते द्या आणि पावती घ्या. 'इमारत निधी' किंवा 'देणगी' म्हणून प्रवेशाच्या अटीवर मोठी रक्कम मागितली, तर समजून घ्या की महाराष्ट्रात १९८७ पासून कॅपिटेशन फीवर कायद्याने बंदी आहे. भांडू नका, फक्त "पावतीवर कारण लिहून द्या" म्हणा. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला एका शाळेने अशी रक्कम सांगितली होती. लेखी मागितल्यावर तो विषय पुन्हा निघाला नाही. गेटाबाहेर 'प्रवेश करून देतो' म्हणणारी माणसं भेटतात, त्यांना एक रुपयाही देऊ नका.

आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं आणि दुपारचा पोषण आहार मिळतो. नववीपासून दोन्ही बंद होतं. नववीत घालणाऱ्यांनी पुस्तकं आणि डबा हा खर्च धरून चालावं.

९. प्रवेश झाला, आता ऑनलाइन नोंद

मूल वर्गात बसलं म्हणजे काम संपलं असं नाही. जुन्या शाळेने यूडायस प्लसवर मुलाला आपल्या पटावरून सोडावं लागतं, मगच नवीन शाळेला पेन नंबर टाकून त्याला ओढून घेता येतं. जुन्या शाळेने सोडलं नाही तर मूल कागदावर तिकडेच शिकत राहतं. ऑगस्टच्या आत लिपिकांना विचारा, "माझ्या मुलाचं नाव तुमच्याकडे दिसतंय का?" दिसत नसेल तर जुन्या शाळेत स्वतः फोन लावा. दोन शाळांची पत्रापत्री होईपर्यंत थांबलात तर वर्ष निघून जातं.

दुसरं आधारचं. शाळेत शिक्षकांची किती पदं मंजूर व्हायची ते आधार पडताळणी झालेल्या पटावर ठरतं. त्यामुळे शाळा आधारसाठी मागे लागते, त्याचा राग मानू नका. आधारवर नुसतं 'गणेश शिंदे' आणि दाखल्यावर 'शिंदे गणेश बालाजी' असेल तर पडताळणी अडते. अशा वेळी दाखल्याप्रमाणे आधार दुरुस्त करा, आधारप्रमाणे दाखला नको. मूल पंधरा वर्षांचं झालं की बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद पुन्हा द्यावी लागते. पंधरा ते सतरा या वयात ती विनाशुल्क होते. दहावीच्या आधी हे उरकून घ्या.

१०. शिष्यवृत्ती: आठवीचं वर्ष सोडू नका

मूल आठवीत असेल तर एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवाच. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मुलाच्या खात्यात येतात. आईवडिलांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीला ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के. ही परीक्षा फक्त शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित तुकडीत मूल असेल तर बसता येत नाही, म्हणून तर पहिल्या मुद्द्यात एवढं बजावलं. परीक्षेत पात्र ठरूनही यादीत न आलेल्या मराठा-कुणबी मुलांना सारथी या राज्य शासनाच्या संस्थेची वर्षाला ९,६०० रुपयांची वेगळी शिष्यवृत्ती आहे. इतर प्रवर्गांच्या योजना वर्गशिक्षकांना विचारा. आठवी ते दहावीच्या मागासवर्गीय मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे.

फॉर्म शाळाच भरते, पण उत्पन्नाचा दाखला तुम्हाला आणावा लागतो. तो इथल्या तहसीलमधून मिळतो. जुलैतच काढून ठेवा.

११. दहावीत शाळा बदलू नका

नाइलाज नसेल तर दहावीच्या वर्षात मुलाला हलवूच नका. त्या वर्षी शाळा बदलायची तर बोर्डाच्या मान्यतेचा प्रश्न येतो आणि तोंडी व अंतर्गत गुणांची मांडणीही विस्कटते. वडिलांनी आधी यावं, आईने किंवा आजीने मुलाबरोबर गावी थांबावं, मार्चची परीक्षा उरकून सगळ्यांनी यावं. सोपं नाही, पण अनेक घरांनी केलं आहे. दुसऱ्या बोर्डातून येत असाल तर आधी मुख्याध्यापकांशी बोला आणि मगच जुना दाखला काढा. एकदा दाखला काढला की दोन्हीकडचा पट सुटतो.

दहावीचे फॉर्म दिवाळीच्या आसपास ऑनलाइन भरले जातात. बोर्डाकडे जाण्याआधी शाळा माहितीची छापील प्रत सहीसाठी देते. ती मुलाच्या हातून नुसती सही करून पाठवू नका. नाव, आईचं नाव, इंग्रजी स्पेलिंग, जन्मतारीख, विषय, प्रवर्ग, फोटो सगळं दाखल्याशी ताडून बघा. शंका असेल तर त्याच दिवशी शाळेत जा, कारण हीच माहिती पुढे प्रमाणपत्रावर छापली जाते. २०२५ पासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाला आहे. तिथे पुन्हा जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर (उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा दाखला) मागतात. तेव्हा दहावीच्या दिवाळीत गावी जाल तेव्हा राहिलेले कागद घेऊनच परत या.